काउलिंगच्या आतला पांढरा रंग

४ फेब्रुवारी १९८५, सोमवार

प्रेमाने सकाळी ही डायरी माझ्यापुढे आपटली. विमा एजंटने दिलेली, अख्खा जानेवारी कोरा. "भिंतीशी बडबडण्यापेक्षा हिच्यात लिहा," म्हणाली. संपापासून मला एकट्याने बोलायची सवय लागली आहे हे खरं आहे, पण भिंतीशी मी बोलत नाही. मी लोखंडी कपाटांशी बोलतो. तीन वर्षं मी वाकोल्यातल्या एका वर्कशॉपमध्ये कपाटांना रंग मारतोय. कपाटाला रंग मारणं म्हणजे काम नव्हे. बाहेरून चकचकीत केलं की शेठ खूश, आत गंज असला तरी चालतो.

गिरणीत मी फोल्डिंग खात्यात डाग काढायला होतो. साच्यावरून, म्हणजे मागावरून, कापड यायचं ते तेलाचे थेंब घेऊनच. आम्ही टेबलावर ताणून डाग शोधायचो आणि असा काढायचो की कापडाला स्वतःलाही आठवू नये. ह्या मधुकरच्या टेबलावरून डागी कापड पुढे गेलं असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. पण गिरणीच बंद पडली, मग नजर चांगली असून काय करणार?

संध्याकाळी खंडू आला होता. आमच्याच गावचा, जुहूच्या विमानतळावर एका फ्लाइंग स्कूलमध्ये मेकॅनिक आहे. म्हणाला, "मदू, विमानाक रंग मारूचो हा. येतंस काय?" मला वाटलं थट्टा करतोय. थट्टा नव्हती.

७ फेब्रुवारी, गुरुवार

विमान बघून आलो. निराशा झाली. दोन माणसं बसतात, तीही पोट आत घेऊन. पंख सोडले तर आमच्या चाळीच्या गॅलरीत मावेल.

रंग बाहेरून मारायचाच नाही. नाकाशी इंजिन आहे, त्याच्यावर पत्र्याचं झाकण असतं, त्याला हे लोक काउलिंग म्हणतात. दोन्ही बाजूंना खिट्ट्या आहेत, फिरवल्या की झाकणाची बाजू पंखासारखी वर उघडते. रंग मारायचा तो ह्या झाकणाला आतून. आतला जुना रंग इतका काळा, पोपडे धरलेला आणि तेलकट झालाय की मूळचा कुठला ते सांगता येत नाही.

इंजिनियर चंद्रप्रकाश साहेब म्हणून आहेत. पन्नाशीचे, बोलणं कमी, खिशाला कायम टॉर्च. माझ्याशी दोन वाक्यं बोलले आणि गेले. बाकीचं खंडूने सांगितलं. आतून पांढराच रंग द्यायचा. मी म्हटलं, अरे जिथे तेल उडतं, धूर होतो, तिथे पांढरा? चॉकलेटी दे, राखाडी दे, दहा वर्षं मळ दिसणार नाही. खंडू म्हणाला, "साहेबाचो हुकूम. पांढरो म्हणजे पांढरो." मोठ्या लोकांना स्वच्छतेची हौस असते. ठीक आहे, पांढरा तर पांढरा.

११ फेब्रुवारी, सोमवार

झाकणं काढून बाकावर घेतली. रिमूव्हर लावून जुना रंग खरवडतोय. हात चुरचुरतात, पण खरं सांगायचं तर तीन वर्षांत पहिल्यांदा काम करताना वेळ कसा गेला कळलं नाही.

उजव्या झाकणाच्या खालच्या कोपऱ्यात, एक्झॉस्टचा, म्हणजे धुराचा, पाइप जातो त्याच्या समोर, तपकिरी डाग होता. पत्र्यात मुरलेला. रिमूव्हरला दाद देईना. आधी रॉकेल, मग थिनर, मग बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून. जेवणाच्या सुट्टीनंतर बसलो तो चहापर्यंत त्याच्याशीच झगडत होतो. शेवटी गेला. खंडूला बोलावून दाखवला, म्हणजे तो नाही हे दाखवलं. तो म्हणाला, "बरा झाला," आणि बिडी ओढायला गेला. त्याला ह्यातलं काय कळतंय?

एक मुलगी बाकाशी येऊन उभी राहिली. मृणालिनी. बोरीवलीची, वडील ऑफिसातून रिटायर झालेले. मला वाटलं कोणाला भेटायला आली असेल. ती विमान शिकते! हेच विमान. म्हणाली, "काका, लवकर करा ना. तुमच्यामुळे माझं उडणं थांबलंय." घरच्यांनी तिला ह्या पावसाळ्यापर्यंतची मुदत दिली आहे. तेवढ्यात लायसन्स झालं नाही तर बँकेच्या परीक्षेला बसायचं. आमच्या मीराच्याच वयाची असेल. मीरा सासरी भांडुपला आहे आणि पाळण्यात बसली तरी तिला चक्कर येते.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

झालं! आधी पिवळा प्रायमर, मग पांढऱ्याचे दोन हात, स्प्रे गनने, एकसारखे. कुठे ओघळ नाही की कुठे दाणा नाही. गरम सोसणारा रंग आहे. झाकणं बसवल्यावर साहेबांनी टॉर्च मारून आत पाहिलं. "वा," म्हणाले. नुसतं "वा", पण गिरणीत वीस वर्षांत कुणी तेवढंही म्हटलं नव्हतं.

मला ठेवून घेतलंय. विमान धुणं, पुसणं, बारीकसारीक रंगकाम. सध्या टेंपरवारी, मे अखेर बघू म्हणाले. प्रेमाने शिरा केला. मी कपाटवाल्या शेठला जाऊन सांगितलं की उद्यापासून मी विमानावर आहे. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

२ मार्च, शनिवार

खंडू शिमग्याला गावी गेला. पालखी नाचवल्याशिवाय ह्याला वर्ष जात नाही. पंधरवडाभर पुसापुशी सगळी माझ्याकडे.

मी एक शिस्त लावली आहे. संध्याकाळी विमान हँगरात आलं की खिट्ट्या फिरवायच्या आणि रॉकेलच्या चिंधीने झाकणाची आतली बाजू पुसून काढायची. कुणी सांगितलेलं नाही. पण एवढा पांढराशुभ्र रंग दिलाय तो मळू द्यायचा का? साहेब कधीही उघडून बघोत, आत बगळा दिसला पाहिजे.

६ मार्च, बुधवार

मृणालिनी तिला शिकवणाऱ्या कॅप्टनबरोबर उतरली ती डोकं धरूनच. पायरीवर बसून राहिली. मी पाणी दिलं. म्हणाली, "ऊन खूप आहे वरती." मी म्हटलं, पोरी, तू वर सूर्याच्या जवळ जातेस, मग ऊन लागणारच! हसली, पण चेहरा उतरला होता. सकाळी न खाता येते, हेही एक कारण आहे. आजकालच्या मुलींना चहा-बिस्किटावर विमानं चालवायची असतात.

प्रेमाला सांगितलं तर म्हणाली, कोकमाचं आगळ देते बाटलीत, तिला सरबत करून द्या.

१३ मार्च, बुधवार

आज मन फार खट्टू आहे.

उजव्या झाकणाच्या खालच्या कोपऱ्यात डाग. तिथेच! तपकिरी, कडेला करडा, हाताच्या पंजाएवढा. गेले काही दिवस पुसताना चिंधी तिथे जास्त काळी होत होती, मी लक्ष दिलं नव्हतं. आज रॉकेलने जाईना. म्हणजे माझा रंग तिथे भाजला. प्रायमर नीट वाळला नसावा, नाहीतर जुना डाग पुरता गेलाच नव्हता आणि आता खालून वर येतोय. गिरणीत असं व्हायचं. इस्त्रीची गरमी लागली की मेलेला डाग उठून बसायचा. तेव्हा बोल काढणाऱ्याला लागायचा.

साहेबांना सांगावं का? टेंपरवारी माणसाने महिन्याभरात येऊन सांगायचं, की साहेब, माझा रंग फसला? मग मे अखेर काय बघतील ते मला आत्ताच दिसतंय. कपाटवाल्या शेठकडे कुठल्या तोंडाने परत जाऊ?

पॉलिश पेपर मारून तेवढ्याच भागावर ब्रशने पांढरा लावला. आता हात लावून बघितलं तरी कळणार नाही.

२३ मार्च, शनिवार

काल पाडवा झाला. प्रेमाने मृणालिनीसाठी श्रीखंडाचा डबा दिला होता. पोरीने झाकण उघडलं आणि लगेच लावलं. नुकतीच उतरली होती. उतरल्यावर तिला अन्नाचा वाससुद्धा सहन होत नाही. सरबत तेवढं पिते.

मग हळूच म्हणाली, "काका, एक प्रॉमिस करा. माझं डोकं दुखतं, मळमळतं, हे कॅप्टनना नाही सांगायचं. साहेबांना पण नाही."

"का गं?"

"मेडिकलला पाठवतील. अनफिट शेरा आला ना, तर वाट लागली. सगळं संपलं. कॅप्टनचं पण दुखतं कधीकधी, ते म्हणतात जागरणामुळे. मग मलाच का अनफिट करायचं?"

मला तिचं म्हणणं पटलं. चष्म्याचा नंबर लपवून खात्यात टिकलेले लोक मी पाहिलेत. मेहनती पोर आहे, एवढ्यातेवढ्यावरून तिला घरी बसवणं बरोबर नाही. मी वचन दिलं. घरी आल्यावर प्रेमाने तिची दृष्ट काढायला मीठमोहऱ्या पुडीत बांधून दिल्या. उद्या विमानाच्या मागे नेऊन ओवाळीन, कुणाला दिसणार नाही.

३ एप्रिल, बुधवार

डाग परत आला. दुसऱ्यांदा रंग लावला, ह्या वेळी आधी प्रायमरचा बारीक हात देऊन. खंडू कधीच गावाहून आलाय, त्यामुळे हे तो चहाला गेला की करावं लागतं. त्याने विचारलं, "रोज उघडून काय बघतंस रे? अंडी घातलीत काय थंय?" मी म्हटलं, तुझ्यासारखा चिकट हात नाही माझा, स्वच्छता लागते.

मला ह्या कोपऱ्याचा राग यायला लागला आहे. सगळं झाकण बगळ्यासारखं आणि हा एक हलकट कोपरा.

१० एप्रिल, बुधवार

आजचा दिवस चांगला गेला.

परवा मृणालिनी एकटी नाशिकपर्यंत जाऊन परत येणार. बरोबर कॅप्टन नाहीत, ती आणि विमान. लायसन्ससाठी हे करावंच लागतं. त्याआधी इंजिनाची मोठी तपासणी होती. साहेबांनी दोन्ही झाकणं उघडली आणि टॉर्च घेऊन आतून इंच-इंच पाहिलं. मी मागेच उभा. उजव्या कोपऱ्यावर टॉर्च थांबला, आणि पुढे गेला!

"एक डाग नाही," साहेब म्हणाले. "इतकं स्वच्छ इंजिन मी बघितलं नाही. कुठे काही गळत नाही, कुठे धूर फुंकत नाही. पांढरा रंग आपण देतो तो ह्याच्यासाठी, मधुकर. डाग दिसला पाहिजे."

मी म्हटलं, "बरोबर आहे साहेब. दिसला तर पुसता येतो."

साहेब मोठ्याने हसले. माझ्या खांद्यावर थाप मारली आणि कागदावर सही केली. साहेबांना हसताना मी आज पहिल्यांदा पाहिलं. मे अखेरची काळजी आता नको.

११ एप्रिल, गुरुवार

जेवताना प्रेमाला कालची हकिगत सांगितली. सकाळी पण सांगितली होती, पण ती घाईत होती. ती भात वाढत होती, तशीच थांबली.

"डाग दिसला पाहिजे असं म्हणाले?"

"हो."

"दिसला पाहिजे म्हणजे त्यांना दिसला पाहिजे ना? मग तुम्ही दोनदा रंगवलात तो कुठनं आला होता?"

मी सांगितलं, रंग भाजला होता. तिने विचारलं, कशाने भाजला? बाकीचा का नाही भाजला? मी म्हटलं तुला ह्यातलं कळत नाही. ती म्हणाली, "मला नाहीच कळत. पण डॉक्टर जीभ दाखवा म्हणतो तेव्हा आपण जीभ घासून गेलो, तर त्याला काय डोंबल दिसणार?"

मी ताटावरून उठलो. चिडलो होतो. गॅलरीत उभा राहिलो आणि तिथे उभ्या उभ्या मनात जुळवत गेलो. धुराच्या पाइपासमोरचा कोपरा. जुना डाग तिथेच, नवा तिथेच. इस्त्रीने डाग वर येतो, पण तो एकदाच येतो. काढल्यावर पुन्हा पुन्हा येतो तो वरून रोज पडणारा असतो, साच्याचं तेल गळत असलं की तसं व्हायचं. हे मला माहीत होतं. वीस वर्षं माहीत होतं. आपलं नाव जाईल म्हणून मी तिकडे बघितलंच नाही.

पोरीच्या डोकेदुखीचं मला अजूनही सुचलं नव्हतं. धुराचा पाइप गळतोय एवढंच मी म्हटलं, तेव्हा प्रेमाने मागे येऊन विचारलं, "तो धूर बसायच्या जागी तर जात नाही ना हो?"

साहेबांच्या घरी फोन नाही आणि पत्ता मला माहीत नाही. ती सकाळी लवकर निघणार आहे.

१२ एप्रिल, शुक्रवार

आजचं सगळं लिहून ठेवतो.

पहिल्या बसची वाट न बघता चालत गेलो. विमान बाहेर काढलेलं. मृणालिनी आत बसून नकाशा मांडीवर घडी करत होती. खंडू चाकाशी होता. त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो आधी पांढराफटक पडला, मग म्हणाला, "मदू, गप रव. साहेबान सही केल्यान. आता बोललंस तर तू पण जातलंस आणि मी पण. मीच तुका आणलंय हंय."

मी म्हटलं, "आणि ही गेली तर?"

स्वतःच जाऊन त्याने चाकापुढे लाकडी ठोकळा परत लावला. त्याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

साहेब येत होते. मी त्यांच्या वाटेत उभा राहून सांगितलं. डाग होता, तीनदा होता, एकदा घासला, दोनदा रंगवला, रोज पुसला. साहेब माझ्याकडे असे बघत होते, जणू मी मराठी बोलतच नव्हतो. मग त्यांनी खिट्ट्या फिरवल्या, पेट्रोलचा बोळा आणि पातं मागितलं आणि तो कोपरा स्वतः खरवडला. पांढऱ्याखाली तपकिरी निघाला. त्याच्याखाली पांढरा. त्याच्याखाली पुन्हा तपकिरी.

मृणालिनी खाली उतरली होती. "साहेब, काय झालं? उशीर होतोय."

साहेबांनी तिला विचारलं, "उडताना डोकं दुखतं का तुझं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "नाही," म्हणाली.

मी वचन दिलं होतं. मी म्हटलं, "दुखतं साहेब. मळमळतं पण. उतरल्यावर अन्न चालत नाही. महिना झाला."

"काका!" एवढंच ओरडली ती. मला कुणी मुस्काटात मारली असती तर बरं वाटलं असतं.

दुपारपर्यंत त्यांनी सायलेन्सरवरचं पत्र्याचं आवरण सोडवलं. पाइपाला जोडाशी चीर होती, नख आत जाईल एवढी. त्या आवरणातून बसायच्या जागेत गरम हवा न्यायची एक नळी असते, थंडीच्या प्रदेशासाठी. मुंबईत तिचा काय उपयोग, तिचं झाकण कायम बंद. पण ते झाकण नीट बसत नव्हतं. रोज थोडाथोडा धूर पोरीच्या नाकात जात होता. साहेब म्हणाले, धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. माणसाला नुसती झोप येते. कसाऱ्याच्या डोंगरांवर, एकटी असताना, झोप.

मग ते माझ्यावर ओरडले. आख्खं हँगर ऐकत होतं. मला शब्द आठवत नाहीत. सगळं संपल्यावर म्हणाले, "आणि मी सही केली. टॉर्च मारून सही केली." आणि स्टुलावर बसले. त्यांनी स्वतःच वर कळवलं आहे. त्यांच्या लायसन्सवर येऊ शकतं म्हणतात.

मला घरी जा म्हणाले. मृणालिनी कोपऱ्यात पाठ करून उभी होती. मी जवळ गेलो तर म्हणाली, "माझ्याशी बोलू नका."

१५ एप्रिल, सोमवार

घरी आहे. प्रेमा जास्तीचं तूप वाढते. खंडू सांगून गेला की पोरीला डॉक्टरकडे नेलं होतं. काही दिवस मोकळ्या हवेत राहिली की सगळं साफ होईल, अनफिट वगैरे काही नाही. हे ऐकून मी रडलो. प्रेमासमोर रडलो.

पण तिची नाशिकची फेरी गेली. दुसरं विमान स्कूलकडे नाही. पाइप कधी येणार कुणाला माहीत नाही आणि पावसाळा काही थांबत नाही. तिच्या घरी बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणून ठेवलाय, असंही खंडू म्हणाला.

मी रोज विचार करतो. डाग काढणं मला कुणी वाईट शिकवलं नव्हतं. कापडावरचा काढायचाच असतो. पण मी एकदाही साहेबांना विचारलं नाही की हा कसला? विचारलं असतं तर मला कमी कळतं हे दिसलं असतं.

२२ एप्रिल, सोमवार

खंडू दारात. "चल. साहेब बोलयतत. झाकण परत रंगवूक व्हया."

मला खरं वाटेना. गेलो. साहेब पहिल्यासारखेच, दोन वाक्यं. उजवी बाजू पूर्ण खरवडून नव्याने रंगव. आणि आजपासून झाकणाच्या आत मी बघेपर्यंत कुणाची चिंधी लागणार नाही, तुझी तर नाहीच. मी विचारलं, "साहेब, मला का बोलावलंत?" ते म्हणाले, "दुसरा आणला तर तोही पुसेल. तू आता पुसणार नाहीस." त्यांना ताकीद मिळाली आहे, लेखी. लायसन्स राहिलं.

मृणालिनी हँगरात होती, पुस्तक वाचत. मी आलो तसं पुस्तक मिटून बाहेर गेली.

४ मे, शनिवार

नवा पाइप बसला. कॅप्टन आणि साहेब दोघे मिळून तासभर फिरून आले. उतरल्यावर साहेबांनी मला हाक मारून झाकण उघडायला लावलं. खालच्या बाजूला तेलाचा एक थेंब होता. हात शिवशिवला, पण मी मागे बांधून ठेवला. "हा कसला, साहेब?" विचारलं. तेल भरताना सांडलंय, म्हणाले. मग म्हणाले, "आता पूस." इतक्या आनंदाने मी कधी काही पुसलं नसेल.

मृणालिनी नाशिकला गुरुवारी जाणार. अजून बोलत नाही. बरोबरच आहे तिचं. धूर मी लपवला आणि तिचं गुपित फोडलं. दोन्हींतलं एकही तिला विचारून केलं नाही.

९ मे, गुरुवार

सकाळी गेली. विमान छोटं छोटं होत गेलं आणि मग दिसेनासं झालं. खंडू चहाला चल म्हणाला, मी गेलो नाही. साहेबही ऑफिसात गेले नाहीत. आम्ही दोघे हँगरच्या सावलीत उभे. मी देवाचं नाव घेत होतो. साहेब काय करत होते माहीत नाही, टॉर्च उगाच लावत-बंद करत होते, भर उन्हात.

यायची वेळ झाली. आली नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं, मग बघायचं सोडून दिलं. मला त्या वेळात जे वाटलं ते लिहिता येत नाही. प्रेमाला मी काय तोंड दाखवणार, पोरीच्या आईबापांना काय, एवढंच डोक्यात फिरत होतं. आणि मग खंडू ओरडला. आधी आवाज आला, मग ठिपका दिसला.

नाशिकहून निघायलाच उशीर झाला होता, बाकी काही नाही. विमान येऊन थांबलं, पंखा थांबला. साहेब धावत इंजिनाकडे गेले. मी दाराकडे गेलो. ती उतरली, घामाने चिंब, केस कपाळाला चिकटलेले. माझ्याकडे बघितलं.

"भूक लागलीय, काका," ती म्हणाली. "खूप भूक लागलीय. डब्यात काय आहे?"

डब्यात भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी होती. मी म्हटलं, तुला वास चालायचा नाही. तिने डबा माझ्या हातातून जवळजवळ ओढून घेतला आणि चाकाशीच फतकल मारून बसली. साहेब सहीसाठी कागद घेऊन उभे, कॅप्टन विचारतायत कशी झाली फेरी, आणि ही मान खाली घालून खातेय. मी शेजारी उभा राहून बघत होतो. माझ्यासाठी एक घाससुद्धा ठेवला नाही तिने.